पत्र्याच्या डब्यातली भाकर

१७ जून, मंगळवार

चिंगे,

शाळा सुटली की आपण दप्तरं दारातच टाकायचो आणि हातही न धुता ओट्याखालच्या टोपलीवर तुटून पडायचो, आठवतं? आईने सकाळपासून भाजलेल्या पापड्यांतून गोल चकत्या कापून घेतलेल्या असायच्या आणि उरलेलं भोकाभोकांचं कातरण त्या टोपलीत असायचं. त्याला ना मीठ, ना साखर, तरी आपण भांडून खायचो. तू एक तुकडा डोळ्यांसमोर धरून म्हणायचीस, "ताई, तू मला पाच ठिकाणी दिसतेस." आणि आई भाजायच्या दोन पाट्यांच्या साच्यावरची वाफ पदराने वारत म्हणायची, "खा, पण सांडू नका. अजून देव झालेला नसला तरी पीठ आहे ते."

अख्ख्या चर्चच्या मिस्सेची भाकर आपल्या स्वयंपाकघरात व्हायची. आई त्यांना चकत्या म्हणायची, फादर भाकर म्हणायचे. आठवडाभर त्या आपल्या घरी पीठ असायच्या आणि रविवारी मिस्सेच्या उपासनेत, फादरांनी शब्द म्हटले की, ख्रिस्ताचं शरीर व्हायच्या, लोक जिभेवर घेतात ते कम्युनियन. आपल्याला त्यात काही विचित्र वाटायचं नाही. दूधवाल्याच्या मुलांना दुधाचं कुठे काय वाटतं?

अकरा वर्षांनी लिहिते आहे आणि सुरुवात कातरणाने करते आहे. शाळेतल्या हस्ताक्षराच्या सिस्टर असत्या तर म्हणाल्या असत्या, आधी क्षेमकुशल विचार, डावीकडे समास सोड. समास सोडला आहे. मी बरी आहे. तूही बरी असशील.

लिहायला बसण्याचं कारण तुमच्या मठाची पुस्तिका. तू त्यात लिहिलेलं नवीन फादरांनी परवाच्या मिस्सेत व्यासपीठावरून वाचून दाखवलं. मला आधी काही सांगितलं नव्हतं. मी नेहमीप्रमाणे खांबाजवळच्या बाकावर होते. "मी पंधरा वर्षांची होते. माझी आई सकाळपासून कम्युनियनसाठी तळमळत होती," असं त्यांनी वाचायला सुरुवात केली. पुढचं तुला पाठच असेल: थोरली बहीण चर्चमधून कम्युनियन घेऊन आली. आईने ते जिभेवर घेतलं, डोळे मिटले. "तिच्या चेहऱ्यावर जो उजेड आला तो मी नंतर कुठेच पाहिला नाही. मग तिने बहिणीला जवळ ओढून कानात काही सांगितलं. ते काय होतं, मला आजही माहीत नाही. पण देव आमच्या खोलीत आला होता हे मी पाहिलं, आणि त्याच दिवशी माझं आयुष्य ठरलं."

सगळं चर्च मागे वळून माझ्याकडे बघत होतं. घरी परतताना शिंपीणकाकूंनी मला आपल्या जिन्यातच गाठलं. "काय गं, एवढं घडलं तुमच्या घरात आणि चव्वेचाळीस वर्षं तू ताकास तूर लागू दिला नाहीस? मी तुझ्या भिंतीला भिंत लावून राहते." मी म्हटलं, "तुम्ही कधी विचारलं नाहीत." त्या म्हणाल्या, "कसं विचारणार? स्वप्न पडायला हवं होतं का मला?"

फादरांना आता मी ऑगस्टमध्ये सगळ्यांसमोर दोन शब्द बोलायला हवी आहे. आई कानात काय म्हणाली, ते लोकांना ऐकायचं आहे, असं म्हणाले. मी "बघू" म्हटलं.

तू छान लिहिलं आहेस, चिंगे. फक्त एक चूक झाली आहे. आईच्या पलंगावरची चादर निळी नव्हती, पांढरी होती.

तुझी,
ताई


३ जुलै, गुरुवार

चिंगे,

तुझं कार्ड मिळालं. "चादर निळीच होती." अकरा वर्षांनी पोस्टाने एवढंच आलं, तरी मी ते दोनदा वाचलं. अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे पळणारं.

मागच्या वेळी तू इथे आली होतीस तेव्हाचं बोलून टाकू या, नाहीतर ते दोघींच्या मध्ये खुर्ची टाकून बसेल. रविवारी तू माझ्या शेजारी होतीस. सगळे रांगेत उठले आणि मी उठले नाही. घरी आल्यावर तू विचारलंस आणि मी म्हटलं, गुडघे दुखतात. तेव्हा तू म्हणालीस, "गुडघे दुखणारे लोक बसून घेतात गं, फादर बाकापर्यंत येऊन देतात. तू तोंडच उघडत नाहीस. किती वर्षं झाली?" मी भांडी घासत राहिले. तू हट्टाला पेटलीस. आईने ज्याच्यासाठी जीव धरून ठेवला, ते तुला नको झालं का, असं म्हणालीस. मग मी ते वाक्य बोलले: "आईला काय मिळालं ते तुला काय माहीत?" तू पुढचं ऐकण्यासाठी थांबलीस. मी पुढचं बोलले नाही. सकाळच्या पहिल्या गाडीने तू निघून गेलीस आणि चहाचा कप तसाच भरलेला राहिला.

तू समजलीस की मी जळते. तुला देवाने बोलावलं आणि मला साच्यापाशी ठेवलं, म्हणून. तसा समज करून घेणं सोपं होतं, आणि मलाही सोयीचं होतं. म्हणून मी ते राहू दिलं.

आणखी एक. तू कायमची सिस्टर झालीस त्या शेवटच्या व्रतांना मी आले नाही. ताप आल्याची तार केली होती. ताप नव्हता. साडी इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेली होती, गाडीचं तिकीट पर्समध्ये होतं. दाराला कुलूप लावून मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेले आणि परत आले. तू जमिनीवर पालथी पडून आयुष्य देऊन टाकणार, आणि मी ते समोर बसून बघायचं, हे मला झेपलं नसतं. का ते आज लिहीत नाही.

घराबद्दल विचारलं नाहीस, तरी सांगते. त्याच दोन खोल्या. साचा त्याच ओट्यावर आहे. भाजायचं काम अजून मीच करते. आठवड्याला चारशे चकत्या. मी भाजते, लोक घेतात.

आणि एक गोष्ट होते, ती कुणाला सांगितली नाही. दुपारी, काम आटोपून साचा गार झाल्यावर, मी आतल्या खोलीत जरा पडते. तेव्हा स्वयंपाकघरात पळी पातेल्याच्या काठावर खरवडल्याचा आवाज येतो. आई पीठ भिजवून झालं की पळी अशीच दोनदा खरवडायची, मग एकदा आपटायची. खर्र, खर्र, टक. मी उठून जाते. पातेलं धुऊन पालथं घातलेलं असतं, पळी खिळ्याला. पण खोलीत गरम पिठाचा वास असतो. महिन्यातून एकदोनदा व्हायचं. तुझी पुस्तिका ऐकल्यापासून रोज होतं.

मी भीतभीत जगणारी बाई नाही, तुला माहीत आहे. पण देवाचं काय ते मला कळत नाही आणि आई मात्र रोज दुपारी येते, याचं करायचं काय? आणि ती रागावलेली नसते. रागाचा आवाज मला ओळखू आला असता. तेच मला जास्त लागतं.

त्या दिवसाबद्दल एवढंच लिहिते: गुरुवार होता. डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते की संध्याकाळ निघेल असं वाटत नाही. दुपारी दोनच्या सुमारास मी चर्चला गेले. तीनच्या आत छोटी डबी घेऊन परत आले. पुढचं तू पाहिलंस.

आज इथेच थांबते. डॉक्टरीणबाईंकडे जायचं आहे, गुडघ्याचं.

ताई


२१ जुलै, सोमवार

चिंगे,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. आठ पानं. शिंपीणकाकूंनी पाकिटाचं वजन हातात तोलून मला दिलं आणि "सगळं बरं आहे ना?" असं विचारत दारातच उभ्या राहिल्या. मी दार लावलं.

सातव्या पानावर तू लिहिलं आहेस ते मी इथे उतरवते, कारण मला ते हाताने लिहून बघायचं आहे. "दोन वर्षं झाली, ताई. चॅपलमध्ये बसते आणि समोर फक्त भिंत असते. रुग्णांना सांगते, देव तुमच्यापाशी आहे, आणि माझंच तोंड मला परकं वाटतं. वरिष्ठांना सांगितलं, त्या म्हणाल्या, संतांनाही असं होतं, धीर धर. मी संत नाही. मी भूल देणारी नर्स आहे. माझ्यापाशी एकच गोष्ट उरली आहे, आईचा तो चेहरा. तो खरा होता, तर बाकीचं कधीतरी परत येईल. म्हणून तर पुस्तिकेत लिहिलं. लोकांसाठी नाही लिहिलं, स्वतःला धरून ठेवायला लिहिलं. आई तुझ्या कानात काय म्हणाली ते आता सांग. इतकी वर्षं मी विचारलं नाही, ते तुझं होतं म्हणून. आता मला त्याची गरज आहे."

मला वाटत होतं की तू पलीकडच्या काठावर आहेस, कोरडी, सुखरूप. मीच एकटी पाण्यात.

शनिवारी सकाळी मी बसले आणि तुझ्यासाठी तीन वाक्यं तयार केली. खोटं सांगत नाही, अगदी कच्ची वही घेऊन. पहिलं होतं, "तो आला गं." ते फार नाटकी वाटलं. दुसऱ्यात तुझं नाव घातलं होतं, "चिंगीला त्याच्याकडे दे." ते वाचून माझाच मला संताप आला, आईने तुला कुणाला देऊन टाकलं नसतं. तिसरं मात्र साधं होतं, अगदी आईच्या तोंडचं, आणि इतकं छान होतं की लिहिताना मलाच रडू आलं. ते मी या पत्रात लिहिणार नाही. एकदा वाचलंस तर ते तुझ्या मनातून निघणार नाही. माझ्याही निघालेलं नाही.

ते मी कोऱ्या कागदावर उतरवलं, पाकिटात घातलं, तिकीट लावलं. पोस्टापर्यंत गेले. पेटीच्या तोंडात पाकीट अर्धं घातलं आणि माझा हात मला दिसला. म्हातारा झालेला, पण तोच हात.

तुला खरं सांगितलं तर तुझ्याजवळ उरलेलं शेवटचं मी काढून घेते. गोड काही सांगितलं तर पुन्हा त्याच डब्यात हात घालते. कोणता डबा, ते तुला कळणार नाही. चार दिवस दे. मी लिहीन. पाकीट मी फाडलं आहे.

ताई


२५ जुलै, शुक्रवार

चिंगे,

बसून वाच. ड्यूटीच्या आधी वाचू नकोस.

आई आजारी पडून तीन आठवडे झाले होते. भाजायचं काम माझ्याकडे आलं होतं आणि मला ते जमत नव्हतं. पीठ घट्ट व्हायचं, चकत्या जाड व्हायच्या. आई पलंगावरून एक चकती मागून घ्यायची, खिडकीकडे धरायची आणि म्हणायची, "गज दिसत नाहीत यातून. जाड आहे. मिस्सेत म्हातारी माणसं असतात, त्यांच्या टाळूला चिकटेल." मी चिडायचे. बावीस वर्षांची होते, मला शिक्षिकेच्या नोकरीचं पत्र आलेलं होतं आणि मी साच्यापाशी उभी होते.

त्या गुरुवारी सकाळी मी पुन्हा भाजलं. का कोण जाणे, पीठ पहिल्यांदाच नीट सैल झालं. साचा मिटला तेव्हा वाफ एका सुरात निघाली. आई झोपली होती. मी स्वतःच एक चकती खिडकीशी धरली तर चारही गज दिसले. आईला उठवून दाखवावंसं वाटलं, पण तेवढ्यात डॉक्टर आले. ते जे म्हणाले त्यानंतर चकत्यांचं कुणाला काय.

बाराच्या सुमारास त्या मी चर्चमध्ये पोचवून आले. वेदीमागच्या खोलीत कपाटात पत्र्याचा डबा होता, शब्द न म्हटलेल्या चकत्या त्यात ठेवायच्या. त्या कपाटाची किल्ली आपल्या घरी असायची. शब्द म्हटलेल्या वेदीवरच्या पवित्र पेटीत असायच्या, आणि तिची किल्ली फादरांच्या गळ्यात. आणि फादर सोमवारपासून दूरच्या इस्पितळात होते, पोटाचं ऑपरेशन झालं होतं. बदलीचे फादर शनिवारी येणार होते. हे सगळं आईलाही माहीत होतं. तरीही ती जागी झाल्यापासून मागत होती. "कम्युनियन आण. कुठूनही आण." तू तिचे पाय चोळत रडत होतीस. मी म्हटलं, "फादरांनी मला परवानगी दिली आहे, किल्ली कुठे आहे ते सांगितलं आहे, मी आणते." ते पहिलं खोटं. खोलीतून बाहेर पडण्यासाठी बोलले होते.

चर्चमध्ये कुणी नव्हतं. मी वेदीपाशी गेले, पेटीचं पितळी दार ओढून पाहिलं. शाळेतल्या सिस्टरांनी पाहिलं असतं तर तिथेच जीव सोडला असता. केसातली पिन काढून कुलपातही घातली, ती वाकली. लाल दिवा जळत होता. म्हणजे तो आत होता. बोटभर जाडीच्या पितळेपलीकडे तो होता, आपल्या घरी भाजलेला, आणि तिकडे आई मरत होती, आणि त्याला बाहेर येता येत नव्हतं. किंवा यायचं नव्हतं. मी गुडघ्यावर बसून थोडा वेळ वाट पाहिली. कशाची, ते विचारू नकोस. मग मागच्या खोलीत गेले आणि डबा उघडला. सर्वांत वर माझ्या सकाळच्याच होत्या. एक उचलली, छोट्या डबीत घातली. बाहेर पडताना लाल दिव्याकडे बघून म्हटलं, "तुझं तू बघ."

घरी आईने तोंड उघडलं. मी म्हटलं, "ख्रिस्ताचं शरीर." तिने म्हटलं, "आमेन." मी माझ्या हाताने तिच्या जिभेवर पीठ आणि पाणी ठेवलं.

तू पाहिलंस ते खरं आहे, चिंगे. तो उजेड मीही पाहिला. तुझ्या पुस्तिकेत त्याबद्दल एक शब्दही वाढवलेला नाही. कपाळावरच्या सगळ्या आठ्या गेल्या होत्या, ती एकदम तरुण दिसली. तिने डोळे उघडले, माझं मनगट धरून मला खाली ओढलं. आणि कानात म्हणाली:

"पातळ झाली या वेळी."

एवढंच. मग तासाभरात ती गेली.

तिला कळलं होतं. मी तीन आठवडे जाड भाजत होते. पातळ झाली ती पहिल्यांदाच, त्याच दिवशी सकाळी. आणि सोमवारपासून मिस्सा झालेली नव्हती. तीस वर्षं भाजणाऱ्या बाईच्या जिभेला हे कळायला किती वेळ लागणार? मी तिला काय दिलं ते तिला कळलं, आणि तरीही तो चेहरा.

चव्वेचाळीस वर्षं मी याच्याशी झोंबते आहे. कधी वाटतं, एका पोरीने "तुझं तू बघ" म्हटलं आणि तो खरोखर आला, पेटीतून नाही, शब्दांतून नाही, आपला आपण. मग फादरांचे शब्द, रांगा, आपण घासलेली ती पितळी दारं कशासाठी? आणि कधी, विशेषतः सकाळी चकत्या मोजताना, वाटतं की कुणीच आलं नाही. त्या दिवशीही नाही, कुठल्याच रविवारी नाही. माणसाला फार हवं असलं की माणूस आतून उजळतो, आणि आपण त्याला देव म्हणतो. फादर भाकर वर उचलतात तेव्हा मला तो डबाच दिसतो. म्हणून मी तोंड उघडत नाही. पाप झालं म्हणून नाही. तोंडात विरघळल्यावर काहीच वाटलं नाही तर काय, या भीतीने.

कन्फेशन एकदा केलं होतं, तीस वर्षांपूर्वी, एका पाहुण्या फादरांपाशी. ते म्हणाले, "बाळ, ते पाप नव्हे, ते तर प्रेम," आणि प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मरिया प्रार्थना म्हणायला सांगितल्या. तीन. लहानपणी साखर चोरून खाल्ली तरी पाच मिळायच्या. मी त्याही म्हटल्या नाहीत.

अलीकडे आणखी एक सुचतं, आणि त्याने सर्वांत जास्त अस्वस्थ व्हायला होतं. तो उजेड देवासाठी नसेलच कदाचित. लेकीच्या हाताला एकदाचं जमलं, म्हणून आई तशी दिसली असेल. एवढंच. तू एका चकतीच्या जाडीवर आयुष्य वाहिलंस, असं मी म्हणत नाही. पण तसंही असू शकेल, हे तुझ्यापासून लपवायचा मला हक्क नाही.

मला शिव्या दे, पण कार्डावर देऊ नकोस. शिंपीणकाकू वाचतात.

ताई


२९ ऑगस्ट, शुक्रवार

चिंगे,

महिनाभर तुझं काही आलं नाही. काल आलं. चार ओळी. "पत्र मिळालं. पहिले आठ दिवस मी कुणाशी बोलले नाही. मग कामाला लागले. एकच विचारते. तुझं मनगट धरलं होतं तो हात तिने कधी सोडला?"

मी पाकीट पुन्हा पुन्हा झटकून बघितलं, आत आणखी काही आहे का.

तिने सोडला नाही. मी सोडवला, ती गेल्यावर, एकेक बोट करून. तू तेव्हा शेजारी सांगायला धावली होतीस. मनगटावर तिच्या बोटांच्या खुणा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होत्या. त्या जाऊ नयेत म्हणून मी तो हात धुतला नव्हता. हे तुला का हवं होतं, ते मला कळलेलं नाही. पण उत्तर देताना बरं वाटलं. या एका गोष्टीत मला काही लपवावं लागलं नाही.

नवीन फादरांनाही सांगून टाकलं. दोन शब्द बोलायचा दिवस जवळ आला होता, टाळणार किती? वेदीमागच्या खोलीत ते कपाट आवरत होते. सगळं ऐकून मटकन स्टुलावर बसले. अठ्ठावीस-तीस वर्षांचा मुलगा. म्हणाले, "मावशी, आता मी काय करू? पुढच्या रविवारी जाऊन सांगू का, की मागचं वाचलेलं परत द्या?" मी हसले, तेही हसले. मग मी विचारलं, "त्या दिवशी तो आला होता का, फादर? तुम्ही शिकलेले आहात." त्यांनी हातातल्या फडक्याची घडी घातली. "मला नाही माहीत," म्हणाले. त्या तीन नमो मरियांपेक्षा मला याने जास्त धीर आला. दोन शब्दांचा कार्यक्रम रद्द झाला. शिंपीणकाकू नाराज आहेत, त्यांनी साडी काढून ठेवली होती.

दुपारचा आवाज अजून येतो. मी आता उठून जात नाही. पडल्या पडल्या ऐकते.

आता दुसरं. माझे गुडघे ठणठणीत आहेत. डॉक्टरीणबाईंनी ज्या कारणाने मला तीन वेळा बोलावलं ते पोटातलं आहे, आणि अकरा सप्टेंबरला ते काढणार आहेत. त्या म्हणाल्या, घाबरण्यासारखं नाही. मी म्हटलं, "मग तुम्ही माझ्याकडे न बघता का बोलताय?" बिचारीने चष्मा पुसला. तू भूल देण्याच्या कामात आहेस, तुला मी काही समजावू नये.

येशील का, असं विचारत नाही. यादी मात्र तुझ्याच नावाने करते आहे, दुसरं कुणी नाही.

साचा शिंपीणकाकूंच्या सुनेला. तिचा हात हलका आहे. तिला सांग, डावी पाटी लवकर तापते, आधी त्या बाजूला पीठ घालायचं नाही. पहिल्या महिन्यात जाड होतील. तिला कुणी बोलू नये, एवढं बघ.

पुस्तकं शाळेला. शब्दकोशाच्या शेवटच्या पानांत उंदीर शिरला होता, तो काढून टाक. म्हणजे शब्दकोश, उंदीर केव्हाच गेला.

पाद्री मांजर खालच्या कंपाउंडरला. कंपाउंडरला मांजराचं हे नाव आवडत नाही, पण काळ्या अंगावर पांढरी कॉलर घेऊन जन्माला आलेल्याला दुसरं काय म्हणायचं? दूध कोमट लागतं. गार दिलं तर तो बशीपाशी बसून राहतो आणि आपल्याला लाज आणतो.

जाड कोट चर्च झाडणाऱ्या बाईला. खिसे तपासून दे, मी खडीसाखर ठेवते.

आईची जपमाळ तुला नाही, तुझ्याकडे अशा ढीगभर असतील. ती नवीन फादरांना. "मला नाही माहीत" असं म्हणताना त्यांनी नजर वळवली नाही.

माझी पत्रं, म्हणजे तुझी मला आलेली, पलंगाखालच्या पेटीत आहेत. ती तुझी तुला. वाच किंवा जाळ. मी तुला लिहिलेली ही पाच मात्र ठेवावीस असं वाटतं. सांगता येत नाही, पण वाटतं.

उरले मी. जाळायचं-पुरायचं काही विचारू नकोस, चर्चच्या मागे आईशेजारी जागा आहे. त्याआधीचं सांगते. शुद्ध येता-जाता कदाचित मी मागेन, आईसारखीच. कदाचित मागणारही नाही. चव्वेचाळीस वर्षं तोंड मिटून बसलेली बाई शेवटी काय करेल, हे मला खरंच सांगता येत नाही. मागितलं, तर फादरांना बोलाव. ते त्यांच्या हाताने देतील ते मला चालेल, त्यात तो असो वा नसो. तेवढं तोंड मी उघडेन.

ते वेळेवर पोचले नाहीत, तर माझ्यासाठी दुसरं काही आणू नकोस. कुठूनही नाही. माझ्याजवळ बस आणि तोंडावर सांग, "नाही मिळालं, ताई." आईला एवढं सांगायची माझी छाती झाली नाही. तुझी होईल. तू लहानपणापासून फटकळ.

तुझी,
ताई